मागांच्या गावात कॉम्प्युटर बंद पडायचा तेव्हा

1995 च्या आधीचा घरगुती कॉम्प्युटर सहसा स्वतःला बंद करू शकत नव्हता. तेव्हाच्या एटी कॅबिनेटमध्ये एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, एक जाड काळी केबल थेट पुढच्या बटणापर्यंत यायची आणि त्या बटणात 230 व्होल्ट असायचे. खटका दाबला की वीज तुटली. विंडोज 95 मधून बाहेर पडलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सूचना यायची, की आता मशीन बंद करायला हरकत नाही. शेवटचं काम माणसाचं. त्याच वर्षी इंटेलने एटीएक्स ही रचना आणली. तिच्यात पुढचं बटण मदरबोर्डला फक्त इशारा देतं. बोर्डाने हिरवी तार ग्राउंडला जोडली की एसएमपीएस चालू, सोडली की बंद. आणि करड्या तारेवरून एसएमपीएस बोर्डाला कळवत राहतो, की व्होल्टेज जागेवर आहेत. तो निरोप थांबला की बोर्ड काम थांबवतो. खटका यंत्राच्या स्वतःच्या हातात आला. ‘आपोआप बंद पडतो’ ही तक्रार खऱ्या अर्थाने तेव्हापासूनची, आणि आमचा धंदा तिच्यावरच वाढला.

आमचा म्हणजे इचलकरंजीतला. इथे पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, आणि गाव तेव्हापासून मागांच्या आवाजात जगतं. कॉम्प्युटर इथे आले ते सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्यांच्या आणि कापड व्यापाऱ्यांच्या पेढीवर, हिशेबासाठी. घरात शिरले ते नंतर, मुलांच्या नावाने. दुरुस्त करायला वेगळा कारागीर नव्हताच. रेडिओ-टीव्हीची दुकानं होती, त्यांच्याकडे सोल्डर गन आणि मल्टिमीटर होता, म्हणून कॅबिनेट त्यांच्याच टेबलावर येऊन पडलं. मी अशाच एका दुकानात पोरगा म्हणून लागलो. वस्ताद ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काळातले, इंग्रजी बेताचं, पण सर्किट वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

सुटे भाग मुंबईहून यायचे. हातकणंगल्याला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सबंध महाराष्ट्रातले कारागीर त्याला 1903 ते 1907 या काळातल्या मुंबईच्या गव्हर्नराच्या नावानेच ओळखतात. भारताने 1997 मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या मालावरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचा करार केला आणि तैवानी बोर्ड, रॅम, कॅबिनेट स्वस्त होत गेले. कंपनीचा कॉम्प्युटर ज्याला परवडत नव्हता त्याने असेंबल्ड घेतला. कंपनीच्या मशीनमागे कंपनी उभी असते. असेंबल्डमागे आम्ही होतो.

वस्तादांकडे हिशेबाची एक लांबट वही होती. तारीख, तक्रार, आणि मग त्यांचा स्वतःचा रकाना: ‘कधी?’ शेवटी सापडलेला दोष. गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

“मालक, बंद पडतो तो कधी पडतो? लावल्या लावल्या, की अर्ध्या तासानं?”

“तसं काही नाही हो, मनाला येईल तेव्हा.”

“मनाला नाही येत त्याच्या. आठवा जरा.”

गिऱ्हाईक आठवायचं, आणि निम्मी दुरुस्ती तिथेच व्हायची. या कलेची मला अजूनही थोरवी वाटते. यंत्र उघडण्याआधी वेळ विचारायची. मशीन थंड असताना नीट चालतं आणि तापल्यावर पडतं, तर दोष उष्णतेचा. दुपारी चालतं आणि मागांची पाळी सुरू होताना पडतं, तर दोष विजेचा. सुरू होऊन दोन-चार सेकंदांत पडतं, तर एसएमपीएस, शॉर्ट किंवा प्रोसेसरवरून निसटलेला पंखा. कधीही पडतं आणि पडण्याआधी निळा पडदा चमकून जातो, तर रॅम नाहीतर ड्रायव्हर. विंडोज एक्सपी तो निळा पडदा वाचू न देताच मशीन पुन्हा सुरू करायचं, म्हणून आम्ही सिस्टिमच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप रीस्टार्टची खूण आधी काढायचो. रॅम असली तर सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासून पुन्हा बसवायची. आश्चर्य वाटावं इतक्या वेळा तेवढ्यावर भागायचं.

उष्णतेची नोंद वहीत सर्वांत जास्त. कारण आमच्या हवेत सुताचं तूस उडतं. ते पंख्यातून आत ओढलं जायचं आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये असं घट्ट बसायचं की वरून पंखा फिरतोय, खाली वारा पोचतच नाही. 386 च्या काळात हे चाललं असतं, कारण त्या प्रोसेसरला पंखाच लागत नसे. 486 च्या वेगवान चिप्सपासून हीटसिंक आणि पंखे आले आणि 2000 साली पेंटियम 4 आल्यावर पंख्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. त्याची 2004 ची प्रेस्कॉट नावाची आवृत्ती 100 वॉटच्याही पुढे जायची. पण इंटेलने त्यात एक शहाणपण ठेवलं होतं: तापमान वाढलं की चिप आधी आपला वेग कमी करते, तरीही वाढलं तर वीज तोडायला लावते. एएमडीच्या त्या वेळच्या थंडरबर्ड अॅथलॉनमध्ये ही सोय नव्हती. चालू मशीनचा हीटसिंक काढला की काही सेकंदांत तो प्रोसेसर जळतो, हे 2001 मध्ये एका चित्रफितीने जगाला दाखवून दिलं.

म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगायचो, बंद पडणारं मशीन म्हणजे शुद्धीवर असलेलं मशीन. जे तापूनही चालत राहतं त्याची काळजी करा. बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडून ठेवायचं आणि आकडा बघत बसायचं. तो थांबायचं नाव न घेता चढत गेला की ब्लोअर, ब्रश, जुनी वाळकी पेस्ट पुसून नवी, आणि काम संपलं.

विजेचा भाग अधिक कष्टाचा. यंत्रमागाची मोटर अर्ध्या-एक अश्वशक्तीची, पण सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. भारनियमन संपून वीज परत आली की एकेका गल्लीतले माग एकदम चालू व्हायचे आणि व्होल्टेज खाली बसायचं. एसएमपीएसच्या पोटातले मोठे कपॅसिटर पूर्ण भारावर जेमतेम एका आवर्तनापुरती, म्हणजे सुमारे 20 मिलिसेकंदांची ऊर्जा धरतात. 230 व्होल्टचे 170 झाले की हा साठा जवळजवळ निम्म्यावर येतो. मग डोळ्याला दिव्याची नुसती फडफड दिसते, पण मशीन पडतं. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वहीची पानंच्या पानं याने भरली. उपाय यूपीएसचा, पण त्यातली 12 व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि दमलेला यूपीएस स्वतःच वीज तोडतो. कितीतरी घरांत दोषी कॉम्प्युटर नव्हता, टेबलाखालचा तो डबा होता. यूपीएस काढून थेट भिंतीला लावून बघणं ही पहिली कसोटी. दुसरी म्हणजे अर्थिंग. जुन्या वाड्यांमध्ये तीन भोकांच्या प्लगातलं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं.

ऑगस्ट 2003 मध्ये मात्र वस्तादांच्या ‘कधी?’ला नवंच उत्तर मिळालं. ‘इंटरनेट लावलं की.’ पडद्यावर चौकट यायची, साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन रीस्टार्ट. हा ब्लास्टर नावाचा वर्म होता. विंडोज एक्सपी आणि 2000 मधल्या एका सेवेतल्या भोकातून तो शिरायचा, फाइल उघडायचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने जुलैतच दुरुस्ती दिली होती, पण डायल-अपवर ती उतरवून घेईपर्यंत साठ सेकंद संपायचे. तोडगा कारागिरांत तोंडोतोंडी पसरला: चौकट आली की रनमध्ये ‘शटडाउन’ आणि पुढे ‘-ए’ लिहायचं, मोजणी थांबते, मग फायरवॉल चालू करायची आणि सीडीवरून दुरुस्ती चढवायची. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या तोंडावर सॅसर आला, तोच खेळ. ज्यांनी आयुष्यभर कपॅसिटर मोजले त्या माणसाला पहिल्यांदाच असा दोष भेटला, जो सोल्डर गनने सुटत नव्हता. त्यांनी तो पोरासारखा बसून शिकून घेतला.

आणि मग कपॅसिटर. या प्रकरणावर मला सविस्तर लिहायलाच हवं, कारण त्याने आमच्यासारख्या दुकानांना नाव मिळवून दिलं. 1999 नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वेळेआधीच मरू लागले. दोष बराचसा तैवानमध्ये बनलेल्या मालात होता. आतल्या पाणीदार द्रावात अॅल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवणारं मिश्रण धड नव्हतं. गंजताना हायड्रोजन वायू तयार व्हायचा आणि डबीचं डोकं फुगायचं. डोक्यावर ‘के’ किंवा फुलीच्या आकाराची खाच असते ती याच्यासाठीच, की फुटलं तर तिथून फुटावं. एका मोठ्या अमेरिकी कंपनीने 2005 मध्ये असे बोर्ड बदलण्यासाठी 30 कोटी डॉलर बाजूला काढले. इचलकरंजीत असं बदलून देणारं कोणी नव्हतं.

लक्षणं फसवी. आज तासाने बंद, उद्या दहा मिनिटांनी, परवा चालूच होत नाही. बाहेर ‘बोर्ड गेला, नवा घ्या’ असं सांगितलं जायचं, कोणी तीनदा फॉरमॅट मारून पैसे घ्यायचं. वस्ताद बॅटरी घेऊन प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या डब्यांची डोकी तिरक्या उजेडात बघायचे. सपाट असलं पाहिजे ते घुमटासारखं दिसलं की निदान पक्कं. बदलायचा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, 105 अंशांचा. टीव्हीच्या जुन्या बोर्डावर हे सोपं. मदरबोर्ड चार-सहा थरांचा, आतला तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो आणि हलकी गन नुसती चिकटून बसते. जास्त दाबलं की भोकाचा पत्रा उखडला. ते शिकायला भंगारातले बोर्ड घेऊन बसावं लागलं. पण काही रुपयांच्या कपॅसिटरने हजारोंचा बोर्ड पुन्हा उभा राहायचा, आणि मागांवरच्या एखाद्या जॉबरच्या मुलीची परीक्षा चुकायची नाही. त्या कामाइतकं समाधान मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. पुढे बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर येऊ लागले आणि हा आजार ओसरला.

आता घरात लॅपटॉप आहे, त्याची रॅमसुद्धा पुष्कळदा बोर्डालाच चिकटवलेली असते. बिघाड झाला की आख्खा बोर्ड बदलतात. टेबलावर डेस्कटॉप आजही येतात, सायझिंगमधून, शाळांमधून, आणि तूस अजून तेच निघतं.

वस्ताद गेले, वही माझ्याकडे आहे. तिच्यात या गावाची वीज, हवा, स्वस्त माल आणि वर्म यांचा वीसेक वर्षांचा इतिहास तारीखवार लिहिलेला आहे, आणि तो दुसरीकडे कुठे लिहिलेला मी पाहिला नाही. भिवंडीत, मालेगावात, नाशकात, नागपुरात जुन्या कारागिरांच्या दुकानांत अशा वह्या असतीलच. त्या रद्दीत घालू नका. इथल्या आपटे वाचन मंदिरासारख्या आपापल्या गावच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि ग्रंथपालांनीही त्या किरकोळ हिशेबाच्या वह्या समजून परत पाठवू नयेत.