एका बिघाडाचा पूर्वेतिहास

चार्जरची पिन काढताक्षणी जो लॅपटॉप कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडतो, त्याला आज आपण बिघडलेला म्हणतो आणि दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरतो. परंतु ज्या काळात या यंत्रजातीचा जन्म झाला, त्या काळी हीच गोष्ट बिघाडात नव्हे तर यंत्राच्या स्वभावात जमा होती. १९८१ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनात ॲडम ऑस्बोर्न यांनी ‘ऑस्बोर्न १’ हा संगणक मांडला. सुमारे ११ किलो वजनाचा, ५ इंची पडद्याचा आणि १,७९५ डॉलर किमतीचा हा संगणक मुठीला धरून उचलता येई म्हणून तो सुवाह्य ठरला खरा. मात्र त्याच्या पोटात बॅटरीच नव्हती, आणि वायर काढली की तो तत्काळ बंद होई. (रमण महर्षींचे चरित्रकार आर्थर ऑस्बोर्न यांचे हे चिरंजीव, बालपण तिरुवण्णामलैत गेले आणि २००३ साली देहावसान झाले तेही तमिळनाडूतच, कोडाईकनाल येथे. सुवाह्य संगणकाच्या इतिहासात हिंदुस्थानचा धागा असा अनपेक्षित ठिकाणी सापडतो.)

पुढल्याच वर्षी आलेला ‘ग्रिड कंपास’ रूपाने आजच्या लॅपटॉपचा खरा पूर्वज शोभतो: मॅग्नेशियमचे कवच, बिजागरीवर मिटणारा पडदा, आणि ८,१५० डॉलर अशी सामान्यांनी विचारही करू नये अशी किंमत. अमेरिकेच्या अंतराळयानातून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे भाग्य या यंत्राला लाभले. भूतलावर मात्र त्याच्या पहिल्या आवृत्तीला भिंतीतल्या प्लगपासून चार हात दूर जाण्याची मुभा नव्हती. याच सुमारास जपानच्या एप्सन कंपनीने ‘एचएक्स-२०’ हे वहीएवढे यंत्र काढले, ते निकेल-कॅडमियम बॅटरीवर सुमारे ५० तास चाले. आणि १९८३ चे ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ तर बाजारात कोठेही मिळणाऱ्या चार पेन्सिल सेलांवर वीस तास काढी, म्हणून गावोगाव फिरणाऱ्या वार्ताहरांचे ते लाडके झाले. पण ही दीर्घायुष्ये बॅटरीच्या थोरवीची नव्हेत. त्या यंत्रांचा आहारच अल्प होता: चार-आठ ओळींचा, पाठीमागे दिवा नसलेला पडदा, आणि संथ प्रोसेसर. पडदा उजळला, हार्ड डिस्क फिरू लागली, तसतसा हा आहार वाढत गेला, आणि बॅटरीवरचा बोजाही.

बॅटरीची वंशावळ स्वतः बरीच जुनी आहे. व्होल्टाने आपल्या धातूंच्या चकत्यांच्या रचनेविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र धाडले ते १८०० साली. पुन्हा भरता येणारी शिसे-आम्लाची बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केली. आणि निकेल-कॅडमियमची जोडी स्वीडनच्या युंगनर याने १८९९ साली जमवली. शिशाच्या या शतकापूर्वीच्या विद्येचा अ‍ॅपल कंपनीने १९८९ साली ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’मध्ये जो उपयोग केला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा मौजेचा आहे. या सात किलोंच्या यंत्राची बॅटरी विद्युत्पुरवठ्याशी एकसरीत जोडलेली होती. परिणामी बॅटरी पार उतरली तर चार्जर लावूनही ते सुरू होत नसे. आजचा रोगी वायरीवाचून जगत नाही, आणि तो रोगी वायर असूनही जगत नव्हता.

निकेल-कॅडमियमच्या राजवटीने आपल्यामागे एक रूढी ठेवली, आणि राजवट गेल्यावरही ती रूढी कायम राहिली. उपग्रहांमध्ये या बॅटऱ्या दर प्रदक्षिणेला ठरावीक प्रमाणातच उतरत आणि पुन्हा भरत. असे वारंवार झाले म्हणजे त्या ठरावीक मर्यादेपाशीच त्यांचा विद्युतदाब घसरू लागे, जणू तेवढेच काम त्यांच्या स्मरणात राहिले आहे. यावरून दुकानदार-गिऱ्हाइकांत दंडक पडला की, बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. लिथियमच्या बॅटरीला हा उपवास मानवत नाही. प्रत्येक पूर्ण उतारात तिचे आयुष्य थोडे झिजते. तरीही नवा लॅपटॉप घरी येताच ‘आधी बॅटरी पूर्ण डाऊन होऊ दे’ असा सल्ला देणारे वडीलधारे आजही घरोघर आढळतात.

लिथियम-आयनच्या सिद्धीचे श्रेय तिघांत वाटलेले आहे. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन या तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात आरंभ केला, जॉन गुडइनफ यांनी १९८० साली ऑक्सफर्ड येथे कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र सुचवला, आणि अकिरा योशिनो यांनी १९८५ साली जपानात कार्बनचा ऋणाग्र योजून हा तापट धातू माणसाळवला. १९९१ साली सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली. तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २०१९ साली, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. पण तापट तो तापटच. २००६ साली सोनीनेच घडवलेल्या सेलांत धातूचे सूक्ष्म कण राहून गेल्याचे उघडकीस आले आणि डेल कंपनीला ४१ लाख, तर अ‍ॅपलला १८ लाख बॅटऱ्या परत बोलवाव्या लागल्या. अशा अग्निभयामुळेच लिथियमच्या प्रत्येक गठ्ठ्यात एक संरक्षक सर्किट बसवलेले असते: दाब विशिष्ट मर्यादेखाली गेला किंवा प्रवाह मर्यादेबाहेर चढला की ते पुरवठा तोडते, आणि तोडताना कोणाची परवानगी घेत नाही. वायर काढताच जो अंधार होतो, तो पुष्कळदा या सर्किटाचाच अंमल असतो.

याच्या जोडीला १९९० च्या दशकाच्या मध्यात इंटेल आणि ड्युरासेल या कंपन्यांनी मिळून ‘स्मार्ट बॅटरी’ची नियमावली सिद्ध केली, आणि बॅटरीच्या पोटी एक कारकून नेमला गेला. आत किती प्रवाह आला, बाहेर किती गेला, याची कीर्द तो लिहितो, आणि पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी टक्केवारी ही त्याने काढलेली शिल्लक होय. खजिन्यात उतरून रोकड मोजण्याची सोय त्याला नाही. सेल म्हातारे होतात, रोकड झिजते, दफ्तर मात्र जुन्याच आकड्यांवर चालू राहते. म्हणून ६० टक्के दाखवणारा लॅपटॉप क्षणात बंद पडतो तेव्हा ती शिल्लक वहीत होती, खजिन्यात नव्हती. पूर्ण उतरवून पूर्ण भरण्याचा जो विधी आज क्वचित सांगितला जातो, तो या कारकुनाचा हिशेब जुळवण्यासाठी. त्याने सेलांना तारुण्य येत नाही.

हा इतिहास पाठीशी ठेवला म्हणजे निदानाचा क्रम आपोआप लागतो. प्रथम दफ्तर तपासावे: विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ची बॅटरी-रिपोर्टची आज्ञा दिली की मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भरलेली क्षमता शेजारी शेजारी दिसतात. दुसरी निम्म्याखाली आली असेल तर फारसा शोध करण्याचे कारण उरत नाही. बॅटरी यंत्राला दिसतच नसेल तर संशय कनेक्टरवर. जुन्या धर्तीच्या, बाहेर निघणाऱ्या बॅटरीची पट्टी पुसून, ती काढून ठेवून अर्धा मिनिट पॉवरचे बटण दाबून धरण्याचा उपाय अशा वेळी चालतो. खरी खुबी भाराच्या परीक्षेत आहे. बायोसच्या पडद्यावर, म्हणजे यंत्र जवळजवळ रिकामे असताना, चार्जर काढला तर लॅपटॉप टिकतो आणि विंडोज चढल्यावर काढला तर कोसळतो, असे दिसले की सेलांचा अंतर्गत रोध वाढल्याचे समजावे. समजा तीन सेलांची एकसरी ११ व्होल्टच्या आसपास आहे आणि यंत्र ३० वॉट मागते. म्हणजे प्रवाह पावणेतीन अँपिअरच्या घरात. रोध एक ओहमवर गेला असेल तर तेवढेच व्होल्ट जागीच गळतात, दाब नऊच्या खाली येतो आणि संरक्षक सर्किट दार लावून घेते. नवी, खात्रीची बॅटरी घालूनही तेच घडले, तरच मदरबोर्डावरील त्या ट्रान्झिस्टरांकडे वळावे, जे चार्जर आणि बॅटरी यांच्यामधली पाळी बदलतात. ते काम घरच्या पेचकसाचे नाही. आणि टचपॅड वर उचललेला, तळ फुगलेला दिसला तर परीक्षा तेथेच थांबवावी, चार्जर लावू नये. फुगलेल्या बॅटरीवर दाब देणे किंवा ती टोचणे म्हणजे आगीला आमंत्रण.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, अधिकृत नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पूर्वी हे निदान सोपे होते: खालचे खटके सरकवले की बॅटरी हातात येई, आणि दुसरी लावून पाहिली की वाद मिटे. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाडा-विदर्भात ज्यांनी लॅपटॉपवर कामे उरकली, त्यांना या सोयीचे मोल निराळे सांगायला नको. जुन्या गठ्ठ्याचे कवच उघडले की आत १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे दंडगोल सेल निकेलच्या पट्ट्यांनी जोडलेले दिसत, आणि मेलेले सेल तेवढे बदलून देण्याचा धंदाही काही काळ चालला. जुन्या-नव्या सेलांचे असे मिश्रण धोक्याचे असते, हे सांगून तो थांबणारा नव्हता. तो थांबला बारीक लॅपटॉपांच्या आगमनाने. २००८-०९ नंतर बॅटरी कवचाच्या आत, स्क्रूंखाली आणि कोठे कोठे डिंकाखाली गेली, खटके नाहीसे झाले, आणि गिऱ्हाईक आपल्याच यंत्राच्या बाबतीत परस्वाधीन झाले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक कायद्याने ही चाल मागे वळवण्याचे ठरवले आहे: फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या सुवाह्य उपकरणांची बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम झाले ते उत्पादकाने जुनी बॅटरी परत गोळा करावी यासाठी; ती काढायची कोणी आणि कशी, हा मुद्दा तूर्त दुकानदाराच्या पेचकसावरच सोपवलेला आहे.