आकाशचिन्ह : मुंबईतील फलक-परवान्याच्या कायद्याचा इतिहास

प्रस्तावना

पुणे महानगरपालिकेत ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ या नावाचा एक विभाग आहे. प्रथमच हे नाव ऐकणाऱ्यास त्याचा संबंध खगोलशास्त्राशी असावा असे वाटले तर नवल नाही. वस्तुतः व्यवसायाचे फलक व जाहिरातींची होर्डिंग यांना परवाने देणारा हा विभाग होय. ‘स्काय-साइन’ या इंग्रजी कायद्यातील संज्ञेचे हे शब्दशः भाषांतर आहे. संज्ञा परकी, तिच्यामागील अनुभवही परक्या शहरातील. परंतु तिने नियंत्रित केलेला व्यवहार मात्र सर्वस्वी आपल्या रस्त्यांवरचा. प्रस्तुत लेखात मुंबईपुरता या तरतुदींचा मागोवा घेतला असून मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३२८ व ३२८अ यांवर मुख्य भर दिला आहे.

संज्ञेचा उगम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील इमारतींच्या छपरांवर सांगाडे उभारून त्यांवर प्रचंड अक्षरे लावण्याची प्रथा बोकाळली. वाऱ्याने ती खाली कोसळतील हे भय आणि शहराचे विद्रूपीकरण ही तक्रार, या दोहोंतून १८९१ चा लंडन स्काय साइन्स ॲक्ट संमत झाला. या कायद्यातील व्याख्या आणि मुंबईच्या अधिनियमातील कलम ३२८ ची व्याख्या शेजारी ठेवून वाचल्या असता त्यांचे नाते लपत नाही. खांब, सांगाडा वा अन्य आधारावर इमारतीच्या वर उभारलेले आणि रस्त्यावरील कोणत्याही बिंदूवरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे जाहिरातवजा अक्षर, चिन्ह किंवा आकृती म्हणजे आकाशचिन्ह. फुगा आणि पॅरॅशूट यांचाही त्यात समावेश आहे. छपराच्या कडेला घट्ट बसविलेला, सलग पृष्ठभागाचा आणि तीन फुटांहून उंच न जाणारा फलक मात्र व्याख्येतून वगळला आहे. व्याख्येचा रोख फलकावरील मजकुराकडे नसून वाऱ्याकडे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय असे चिन्ह उभारता येत नाही आणि आधीपासून असलेले ठेवताही येत नाही. परवानगी एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळासाठी देता येत नाही. परवानगी आपोआप रद्द होण्याचे प्रसंगही कलमात दिले आहेत. मजबुतीच्या कारणाखेरीज चिन्हात भर घातली, त्यात बदल केला, त्याचा कोणताही भाग अपघाताने वा जीर्ण होऊन पडला, किंवा खालची इमारत रिकामी झाली वा पाडली गेली, की परवाना संपला. परवान्याला फलकाच्या शारीरिक अवस्थेशी इतके घट्ट बांधणारी तरतूद आजच्या धोरणपत्रकांतही विरळाच आढळेल.

पाटी आणि जाहिरात

कलम ३२८अ हे जाहिरातींविषयीचे. जमीन, इमारत, भिंत वा फलक यांवरील जाहिरातीस परवानगी हवी. परंतु ती प्रकाशित नसेल, आकाशचिन्हही नसेल आणि त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाविषयी असेल तर परवानगीची गरज नाही. म्हणजे वाण्याच्या दुकानावरील रंगविलेली पाटी मोकळी. तीच पाटी विजेच्या दिव्यांनी उजळली की परवान्याच्या कक्षेत. बँकांच्या एटीएम केंद्रांवरील प्रकाशित फलकांमुळे हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. आयसीआयसीआय बँक विरुद्ध बृहन्मुंबई महानगरपालिका या प्रकरणी २००५ मध्ये निर्णय देताना न्यायालयाने केवळ ठिकाण दाखविणारा फलक आणि व्यापारी हेतूने ग्राहकास आवाहन करणारी जाहिरात यांत भेद केला. तर्कदृष्ट्या हा भेद योग्यच आहे. परंतु प्रत्यक्षात बँकेचे नाव, रंग आणि बोधचिन्ह ही स्वतःच जाहिरात असतात, हे कोणताही दुकानदार सांगेल.

याच कलमात ‘स्ट्रक्चर’ या शब्दात जाहिरातीसाठी वापरलेल्या चाकांवरील फलकाचा समावेश केला आहे. हातगाडीवर उभा फलक लावून नगरभर फिरविण्याच्या प्रथेला आवर घालण्यासाठी ही व्यवस्था पुरेशी होती. मात्र वाहनाचे संपूर्ण अंगच छापील फिल्मने मढविण्याची पद्धत आल्यावर प्रश्न बदलला. येथे फलक वाहनावर बसविलेला नाही. वाहन हाच फलक आहे. त्यातच मोटार वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असतो आणि तो विषय परिवहन खात्याचा. एकाच वस्तूवर दोन कार्यालयांची दृष्टी पडते, तेव्हा ती बहुधा दोघांच्याही नजरेतून सुटते.

सौंदर्य, भाषा आणि महसूल

पुढील काळात या भयमूलक कायद्यावर इतर हेतूंचे थर चढले. १९९५ च्या वारसा नियमावलीनंतर दादाभाई नौरोजी रस्त्यावरील कमानी झाकणाऱ्या पाट्यांचा प्रश्न पुढे आला. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने तेथे पाट्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली आणि दुकानदारांच्या सहकार्याने अमलात आली. भाषेचा हेतू दुकाने व आस्थापनाविषयक कायद्यातून आला. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर अन्य लिपीच्या अक्षरापेक्षा लहान असू नये, असेही ठरले. व्यापाऱ्यांच्या आव्हानानंतर २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

महसुलाचा थर अधिक परिणामकारक ठरला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील जाहिरात कराची ५५ वी नोंद वगळली. त्यामुळे २०१७ पासून पालिकांच्या हाती मुख्यत्वे परवाना शुल्क उरले. शुल्क फलकाच्या क्षेत्रफळावर आकारले जाते, म्हणून मोठा फलक पालिकेलाही लाभदायक असतो. सुरक्षेसाठी निर्माण झालेला परवाना उत्पन्नाचे साधन झाला, की नकार देणे कठीण होते.

रेल्वेची सवलत

मूळ व्याख्येत रेल्वेला एक सवलत होती. ती आजच्या कलम ३२८ मध्येही आहे. सर्वस्वी रेल्वेच्याच व्यवसायाशी संबंधित, रेल्वेच्या हद्दीत असलेले आणि रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत पडू शकणार नाही अशा रीतीने बसविलेले चिन्ह आकाशचिन्ह मानले जात नाही. तीनही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १८५ ने रेल्वेला जाहिरातींवरील स्थानिक करातूनही सूट दिली. परंतु ती सूट कराची आहे, सांगाड्याच्या सुरक्षेची नव्हे.

व्यवहारात मात्र ‘रेल्वेची जागा’ हे शब्द उच्चारले की पालिकेचा अधिकार संपतो, असा समज रूढ झाला. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी जुना बाजाराजवळ रेल्वेच्या जागेतील होर्डिंगचा सांगाडा काढताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला आणि ४ जण मृत्युमुखी पडले. घाटकोपरच्या छेडानगर येथे १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात पेट्रोलपंपावर कोसळलेल्या होर्डिंगखाली १७ जणांचा बळी गेला. ते १२० फूट बाय १२० फूट होते. महापालिकेची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट असल्याने त्याचे क्षेत्रफळ अनुज्ञेय क्षेत्रफळाच्या नऊपट होते. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील होती. हे पोलीस राज्य शासनाचे, रेल्वे प्रशासनाचे नव्हेत. म्हणजे सवलतीच्या तीन अटींपैकी एकही अट येथे लागू नव्हती. जाहिरात रेल्वेच्या व्यवसायाची नव्हती, हद्द रेल्वे प्रशासनाची नव्हती आणि फलक पेट्रोलपंपावर पडू शकत होता, तो पडलाच. परवानगी लोहमार्ग पोलिसांकडून मिळाली होती. महापालिकेने आपली परवानगी नसल्याचे दुर्घटनेनंतर सांगितले. राज्य शासनाने माजी मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची चौकशी समिती नेमली. कलम ३२८ मात्र त्या दिवशीही अमलात होते, आणि आयुक्तांच्या लेखी परवानगीविना उभ्या असलेल्या आकाशचिन्हाला ते लागू होते.