हंगामाची मजुरी : व्यावसायिक कबड्डीच्या अभ्यासाची प्रस्तावना

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटण साखळी फेरीत 22 सामने खेळली. 17 जिंकले, 3 बरोबरीत सुटले, 2 हरले आणि 96 गुणांसह संघ गुणतक्त्यात पहिला आला. तेव्हा विजयाला 5 गुण मिळत, बरोबरीला 3. सतरा विजयांचे 85 आणि तीन बरोबरींचे 9 मिळून 94 होतात. मग वरचे 2 गुण आले कुठून? हरलेल्या दोन सामन्यांतून. सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरणाऱ्या संघाला तेव्हा या स्पर्धेत एक गुण मिळे आणि पलटणचे दोन्ही पराभव तेवढ्याच फरकात आटोपले होते.

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला मी सर्वांत आधी हा हिशेब करायला सांगतो, कारण सामना आणि हंगाम या अभ्यासाच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्यातून लगेच कळते. जत्रेतली किंवा जयंतीनिमित्त भरणारी स्पर्धा बाद पद्धतीची असते. हरलेला संघ त्याच रात्री टेम्पोत बसून गावाकडे निघतो. त्या हंगामाच्या साखळीत मात्र नऊ गुणांनी मागे असलेल्या संघालाही शेवटच्या पाच मिनिटांत काम उरे. फरक सातवर आणता आला, तर तोच एक गुण फेब्रुवारीत बाद फेरीचे दार उघडू शकत होता. म्हणून तिथे कोपरारक्षक घोट्याकडे का झेपावला किंवा मागे सरकून का थांबला, हे त्या एका सामन्यावरून उलगडत नाही. त्यासाठी पूर्ण गुणतक्ता समोर ठेवावा लागतो. आपल्याकडे कबड्डीवर लिहिणाऱ्यांनी सामन्यावर आणि खेळाडूवर पुष्कळ प्रेम केले आहे. हंगामाकडे अजून तितके लक्ष गेलेले नाही. छत्रपती संभाजीनगर आणि मराठवाड्यातल्या तरुण अभ्यासकांनी त्यात उतरावे, यासाठी हे लिहीत आहे.

तो दहावा हंगाम 2 डिसेंबर 2023 रोजी अहमदाबादला सुरू झाला आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला संपला. 12 संघ, 12 शहरे, साखळीचे 132 आणि बाद फेरीचे 5 सामने. अंतिम सामन्यात पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28–25 असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. खेळाडूंचे हे तीन महिने, त्याआधीच्या सराव शिबिराचे दिवस धरले तर त्याहून जास्त काळ, दुसऱ्या कुठल्याही कामाला मोकळे नव्हते. या क्षेत्रातला मूळ प्रश्न मला इथे दिसतो. खेळाडूच्या दिवसाची मजुरी कोण भरतो? खेळाचे नियम, स्पर्धेचा आकार, खेळाडू कुठल्या जिल्ह्यातून येतो आणि कोणत्या वयात खेळ सोडतो, यांतले फार काही या एका प्रश्नाशी बांधलेले आहे.

हा प्रश्न कबड्डीपुरता नाही. रग्बी लीग हा खेळ जन्मला तोच या प्रश्नातून. उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार आणि गिरणी कामगार शनिवारी रग्बी खेळत, तेव्हा त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून द्यायला मूळ संघटनेने नकार दिला, म्हणून 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. 1898 मध्ये उघडपणे पैसे घेऊन खेळायला परवानगी मिळाली, पण अट अशी की खेळाडूला खेळाबाहेरची नोकरी असलीच पाहिजे. सिडनीतही तेच घडले. 1907 मध्ये अलेक बर्डन नावाचा खेळाडू जायबंदी झाला आणि त्याची भरपाई कुणी करायची यावरून असंतोष पेटला. 1908 मध्ये सिडनीच्या आठ आणि न्यूकॅसलच्या एका क्लबाने पहिला हंगाम खेळला. साउथ सिडनीने अंतिम सामना 14–12 असा जिंकला. आजची ऑस्ट्रेलियातली व्यावसायिक स्पर्धा त्याच झाडाची फांदी आहे.

महाराष्ट्राने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले, आणि त्या उत्तराचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. इथे दिवसाची भरपाई कुणी दिली नाही. खेळाडूला नोकरीच दिली. रेल्वे, पोलीस, बँका, विमान कंपन्या, मोठे कारखाने यांनी संघ बाळगले. खेळाडू कागदोपत्री कारकून, शिपाई किंवा फिटर असे, सरावासाठी त्याला लवकर सुटी मिळे आणि स्पर्धेचे दिवस हजेरीत धरले जात. म्हणून आपल्या स्पर्धांच्या पत्रिकेत आजही ‘पुरुष व्यावसायिक गट’ आणि ‘पुरुष स्थानिक गट’ वेगळे छापलेले दिसतात. या व्यवस्थेने खेळाडूला निवृत्तीपर्यंतचा पगार दिला, घरभाडे दिले, पुढे पेन्शनही दिले. तिला ‘हौशी’ म्हणून बाजूला सारणारे लेखन मला अपुरे वाटते. 1952 मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदक मिळू लागले. या चार दशकांचा भार मुख्यतः याच नोकऱ्यांनी पेलला. शंकरराव तथा बुवा साळवींसारख्या संघटकांचे काम त्या काळातले. त्यांची 15 जुलै ही जन्मतारीख राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळली जाते, ती उगाच नव्हे.

2014 मध्ये उत्तर बदलले. त्या वर्षीच्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने 12 लाख 80 हजारांना घेतले, आणि तीच सर्वांत मोठी बोली ठरली. 26 जुलै रोजी मुंबईत आठ संघांचा पहिला हंगाम सुरू झाला. चार वर्षांनी, 2018 च्या लिलावात, मोनू गोयतची बोली 1 कोटी 51 लाखांवर गेली. 2023 मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. त्या हंगामात टायटन्स गुणतक्त्याच्या तळाला राहिले. त्याच लिलावात पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतले आणि विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी तो 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला आणि तिथेही संघ विजेता झाला. किंमत, खेळाडूची जागा आणि संघाचा क्रमांक यांचे नाते नीट तपासून पाहणारा अभ्यास मराठीत व्हायला हवा. त्याला लागणारी बरीच माहिती, लिलावाच्या रकमांपासून प्रत्येक चढाईच्या नोंदीपर्यंत, उघड्यावर आहे.

व्यावसायिक हंगामाने खेळाच्या अंगातही बदल केले. पूर्वी चढाई दमावर चाले. दम टिकेल तितका वेळ. आता चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण घ्यायचा किंवा बाद व्हायचे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या पकडीला एक गुण जास्त, म्हणजेच अव्वल पकड. या सगळ्यामागे एकच गरज आहे: तिकीट काढून आलेल्या आणि घरी पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाला रिकामा वेळ दिसू नये. रग्बी लीगनेही हेच केले. तिथे एक संघ चेंडू कितीही वेळ स्वतःकडे ठेवू शकत असे. 1967 मध्ये चार पकडींनंतर ताबा सोडायचा नियम आला आणि 1971 मध्ये चाराचे सहा झाले. एकमेकांना न पाहता दोन खेळ एकाच ठिकाणी पोचले, ही मला या क्षेत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. यापुढे तुलनात्मक काम करू पाहणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

तुलना करताना एक सावधगिरी मात्र बाळगावी. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात 12 संघ एकमेकांशी दोनदा खेळले, त्यामुळे 22 सामन्यांचा तक्ता सर्वांना सारखा लागू झाला. ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये 17 संघ होते आणि प्रत्येकाने 24 सामने खेळले; दोनदा भिडायचे तर 32 लागले असते. म्हणजे तिथे कोणाला कोणता प्रतिस्पर्धी दोनदा मिळाला हेही नशिबाचा भाग आहे. त्या वर्षी मेलबर्न स्टॉर्म तक्त्यात पहिला होता, पण अंतिम सामना पेनरिथ पँथर्सने 14–6 असा जिंकला. हे त्यांचे ओळीने चौथे विजेतेपद. तक्ता आणि चषक यांतली ही फट किती रुंद असावी, हे प्रत्येक स्पर्धा आपल्या रचनेतून ठरवते.

आता आपल्याकडे वळू. कबड्डीचे नियम बांधले गेले ते पुणे, बडोदे, अमरावती या पट्ट्यात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिनमध्ये खेळाची प्रात्यक्षिके दाखवली, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत राहिला. त्यामुळे इथल्या आखाड्यांचा आणि मैदानांचा इतिहास पुण्या-मुंबईच्या स्मरणिकांत शोधून भागणार नाही. हैदराबादेतली कागदपत्रे, शाळांची जुनी दप्तरे, अनंत भालेरावांच्या दैनिक ‘मराठवाडा’च्या फाइली उघडाव्या लागतील. पुण्याच्या संघाने पहिला चषक उचलला तो हैदराबादेत, हा योगायोग मला म्हणूनच लक्षात राहतो.

मजुरीचा प्रश्न मराठवाड्यात आणखी टोकदार होतो. दहाव्या हंगामाचे महिने आठवा: डिसेंबर ते मार्च. याच महिन्यांत बीड, जालना, धाराशिवमधली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. ज्या मुलाच्या पायात चढाई आहे, त्याच्या हातात त्या काळात कोयता असू शकतो. जिल्हा निवड चाचणीच्या दिवशी तो फडात असेल, तर ती चाचणी त्याच्यापुरती झालीच नाही. मुंबईतल्या खेळाडूसाठी उभ्या राहिलेल्या नोकऱ्या इथे त्या प्रमाणात नव्हत्या. वाळूज आणि चिकलठाण्याचे कारखाने आले, पण इथल्या तरुणाला खेळातून दिसणारी वाट अजून मुख्यतः सरकारी आहे: नोकऱ्यांतले खेळाडूंसाठीचे 5 टक्के आरक्षण, दहावी-बारावीचे क्रीडा गुण, आणि पोलीस भरतीतली 1600 मीटर धाव. राज्यातले जे मराठी खेळाडू या लीगमध्ये चमकले, त्यांची गावे नकाशावर मांडून पाहा. सिद्धार्थ देसाई चंदगड तालुक्यातला, काशिलिंग आडके सांगली जिल्ह्यातला. पलटणचा विजेता कर्णधार अस्लम इनामदार अहिल्यानगरचा. कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की तो जिल्हा सुरू होतो. नदीच्या अलीकडे नकाशा विरळ का होतो? माझे उत्तर वर आले आहे. ते आकड्यांनी तपासायचे, खोडायचेही, काम तुमचे आहे.

या क्षेत्रातली सर्वांत मोठी पोकळी स्त्रियांच्या हंगामाची आहे. महाराष्ट्राच्या मुलींनी या खेळाला काय दिले हे वेगळे सांगायला नको. 2012 मध्ये पाटण्याला झालेला पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. तरी व्यावसायिक लीगने त्यांच्यासाठी 2016 मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा भरवली, अभिलाषा म्हात्रे, ममता पुजारी आणि तेजस्विनी बाई या कर्णधार होत्या, आणि तो प्रयोग पहिल्याच वर्षी थांबला. ऑस्ट्रेलियात स्त्रियांची लीग 2018 मध्ये चार संघांनी सुरू झाली आणि ती चालू राहिली, वाढली. सुरुवात दोन्हीकडे छोटीच होती. एकीकडे दुसरा हंगाम झाला आणि दुसरीकडे झाला नाही, याची कारणे मालकी, प्रक्षेपण, संघटना, प्रेक्षक यांत कुठे आहेत, हे शोधणारा प्रबंध आपल्या विद्यापीठात लिहिला गेला तर मला मनापासून आनंद होईल. त्या मुलींच्या मजुरीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. एकदम लीगकडे जाऊ नका. हिवाळ्यात गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा तालुक्याच्या मैदानावर जी स्पर्धा असेल, तिथे तीन दिवस बसा. गुणलेखकाच्या शेजारी जागा मिळवा आणि त्याच्याकडून गुणपत्रक भरायला शिका. चढाई, बोनस, पकड, लोण यांच्या खुणा हाताने केल्याशिवाय सामना वाचता येत नाही. प्रत्येक संघाची प्रवेश फी, प्रवासखर्च, पहिले बक्षीस आणि ते किती जणांत वाटले गेले हे लिहून घ्या. खेळाडूला वय विचारा, शिक्षण विचारा, आणि आज तो कोणते काम सोडून आला आहे हे विचारा. त्या कामाचा दिवसाचा भाव वहीत लिहा. मग लीगच्या एका हंगामाचा गुणतक्ता घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला बसा.