वणी, गहुली आणि विद्यापीठाची वाट

पदवीदानाच्या दिवशीं झगा घातलेला तरुण सर्वांस दिसतो. परंतु तोच तरुण कांहीं वर्षांपूर्वीं वळकटी आणि ट्रंक घेऊन परक्या शहरांत उतरला तेव्हां त्याला काय काय नवें शिकावें लागलें, याची नोंद इतिहासांत सहसा होत नाहीं. यवतमाळ जिल्ह्यापुरती ती नोंद शोधून पाहणें उद्बोधक आहे. कारण या जिल्ह्याला विद्यापीठ दीर्घकाळ दूरचेंच राहिलें.

१८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं. तीं लंडनच्या नमुन्यावर बेतलेलीं, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारीं होतीं. शिकविण्याचें काम महाविद्यालयांकडे असे. नागपूरचें हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्यें आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्यें निघालें, आणि तीं प्रथम कलकत्ता विद्यापीठाशीं जोडलेलीं होतीं. तें विद्यापीठ सुमारें ७०० मैलांवर. त्यामुळें विद्यार्थी ज्या विद्यापीठाचा म्हणवीत असे, त्याचें दर्शन त्याला क्वचितच घडे. त्याचें खरें विद्यापीठ म्हणजे वर्ग, भाड्याची खोली, खानावळ आणि आपल्या भागांतले चार सोबती.

तेथवर पोंचणेंही सोपें नव्हतें. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्यें नागपुरास पोंचली. पण यवतमाळकरांना ती गांठण्यासाठीं धामणगांवपर्यंत सुमारें २९ मैलांची सडक तुडवावी लागे. मूर्तिजापूरची अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकांत आली. पुसद तालुक्यास तर रेल्वे नव्हतीच.

अशा काळांत वणी येथें २९ ऑगस्ट १८८० रोजीं जन्मलेले माधव श्रीहरी अणे मॉरिस महाविद्यालयांत शिकले व कलकत्ता विद्यापीठाचे पदवीधर झाले. मध्यंतरीं त्यांनीं अमरावतीस शिक्षकाचें काम केलें, १९०७ मध्यें कायद्याची पदवी घेतली आणि १९०८ पासून यवतमाळ येथें वकिली आरंभिली. पुढें लोकनायक म्हणून त्यांची ख्याति झाली. शिकून बाहेर गेलेला मुलगा जिल्ह्यास परत मिळाला, ही गोष्ट येथें विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें. सर बिपिन कृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरु. आरंभीं त्याचीं महाविद्यालयें ६ व विद्यार्थी ९२७ होते. त्याच वर्षीं अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झालें. मैलांचें अंतर असें कमी झालें. परंतु अंतर केवळ मैलांचेंच असतें असें नाहीं.

पुसद तालुक्यांतील गहुली या बंजारा वस्तींत १ जुलै १९१३ रोजीं वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. तांड्यांतील भाषा गोरमाटी, शाळेची मराठी आणि महाविद्यालयाची इंग्रजी. अशा घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या वर्गांत बसण्यापूर्वीं भाषेचे दोन उंबरे ओलांडावे लागत. शहरांतल्या सुशिक्षित घराला जें अनायासें लाभतें, तें त्याला प्रयत्नानें मिळवावें लागे. नाईक नागपूरच्या नील सिटी हायस्कुलांत व मॉरिस महाविद्यालयांत शिकले, १९३८ मध्यें बी. ए. व १९४० मध्यें एल्एल्. बी. झाले आणि वकिलीसाठीं पुसदास परतले. १९६३ ते १९७५ या काळांत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

आणखी एक अडचण कोणत्याही चरित्रापेक्षां जुनी आहे. महाविद्यालयें उघडतात तीं पेरणीच्या दिवसांत. तेव्हां कापसाच्या या जिल्ह्यांतील शेतकऱ्याचा पैसा बियाण्यांत व मजुरींत गुंतलेला असतो. कापूस घरांत येतो तो दिवाळीच्या सुमारास. फी, पुस्तकें आणि खानावळ यांचीं देणीं मात्र आधींच उभीं राहतात. पहिल्या सहामाहींतील अभ्यासाच्या चिंतेला घरच्या कर्जाची चिंता येऊन मिळते. सावकाराच्या दारीं गेलेला बाप ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्याचें मन वर्गांत लागावयास वेळ लागला तर नवल नाहीं.

स्वातंत्र्यानंतर जिल्ह्यांतच महाविद्यालयें निघालीं. यवतमाळचें अमोलकचंद महाविद्यालय १९५६ मध्यें सुरू झालें. १ मे १९८३ रोजीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झालें व यवतमाळ जिल्हा त्याच्या कक्षेंत आला. गाडीचा प्रवास आतां कांहीं तासांचा राहिला आहे. पेरणीच्या दिवसांत फी भरण्याची ओढाताण मात्र अनेक घरांत अद्याप आहे, आणि घरांतला पहिलाच पदवीधर होऊं पाहणारा मुलगा किंवा मुलगी आजही अनोळखी वर्गांत तितक्याच संकोचानें बसते.

ज्या मॉरिस महाविद्यालयांत गहुलीचा तो विद्यार्थी दाखल झाला होता, त्याच शासकीय संस्थेला आतां वसंतराव नाईक यांचें नांव आहे. आणि त्यांचे वडील फुलसिंग नाईक यांच्या नांवाचें महाविद्यालय पुसदास आहे. तांड्यांतल्या मुलाला त्या महाविद्यालयांत जाण्यासाठीं जिल्हा सोडावा लागत नाहीं.