पलटण उभी राहिली, जंगल गेले

आमच्या सोनगीरच्या किल्ल्यावरून खाली मुंबई-आग्रा रस्ता दिसतो. गावात तांबट भांडी घडवतात. भट्टीला कोळसा लागतो, कोळशाला जंगल. पूर्वी हा कोळसा कोणाच्या जंगलातून येत असेल, या साध्या प्रश्नापासून माझे वाचन सुरू झाले आणि ते जेम्स आउट्रम या लष्करी अधिकाऱ्यापाशी येऊन थांबले.

आउट्रम म्हटले की १८५७ चे लखनौ आठवते. खानदेशातली त्याची दहा वर्षे मात्र वाघाच्या शिकारकथांत संपतात. मला त्या दहा वर्षांचाच हिशेब महत्त्वाचा वाटतो.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला, पण डोंगरातले भिल्ल हाती आले नाहीत. मोहिमांनी भागेना, तेव्हा १८२५ मध्ये, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, धोरण बदलले. काही भिल्लांना जमीन आणि तगाई देऊन शेतीला लावायचे, काहींना शिपाई करायचे. पलटण उभारण्याचे काम बावीस वर्षांच्या आउट्रमवर आले. ज्यांच्याशी लढला, त्यांच्याच सोबत तो शिकारीला हिंडला आणि त्यांचा विश्वास मिळवला. धरणगावला पलटणीचे ठाणे झाले. १८३० मध्ये याच पलटणीचे शिपाई घेऊन तो डांगच्या भिल्ल राजांवर चालून गेला. १८३५ मध्ये त्याची महीकांठ्यात बदली झाली.

पुढचा भाग चरित्रांत येत नाही. डांगमधले साग जहाजबांधणीसाठी हवे होते. मोहिमेला बारा-तेरा वर्षे होतात न होतात, तोच इंग्रजांनी भिल्ल राजांकडून तिथली जंगले पट्ट्याने घेतली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला पहिला वनसंरक्षक मिळाला, अलेक्झांडर गिब्सन. तो पेशाने डॉक्टर होता. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात लाकूड तोडणे, गुरे चारणे, शेत काढणे गुन्हा ठरू लागले. आधी सैनिक, मग करार, मग कायदा असा हा क्रम आहे.

याला ताडून पाहण्यासाठी मी प्रशियाकडे वळलो. तिथे फ्रेडरिक दुसरा याने १७४० मध्ये शिकारी-सैनिकांचे दल काढले. त्यात वनरक्षकांची मुले घेत आणि इमानाने चाकरी करणाऱ्याला पुढे वनखात्यात जागा देत. जंगलातून आलेला माणूस बंदूक ठेवून पुन्हा जंगलाचा राखणदार होई. राजाचा स्वार्थ त्यात होताच, पण जंगल जाणणाऱ्याच्या हातीच जंगल राहिले.

खानदेशातही जंगलातल्या माणसाच्या हाती बंदूक दिली. त्याला पगार मिळाला, गणवेश मिळाला. जंगल मात्र दुसऱ्याच्या ताब्यात गेले. आजोबा सरकारचा शिपाई आणि नातू त्याच सरकारच्या जंगलात मोळीसाठी गुन्हेगार, हे दोन पिढ्यांत घडू शकत होते.

आउट्रम दुष्ट होता असे मी म्हणत नाही. भिल्लांवर त्याचा जीव होता, म्हणूनच ते त्याच्यामागे गेले. त्या विश्वासाची किंमत पुढच्यांनी मोजली, तीही सह्या-शिक्क्यांच्या कागदावर.

२००६ च्या वन हक्क कायद्याने आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय प्रस्तावनेतच मान्य केला. आज सातपुड्यातला माणूस दाव्यासोबत पुरावे जोडत बसतो. त्याच्या पणजोबाला पलटणीत घेताना मात्र तो या जंगलाचा आहे याचा पुरावा कोणी मागितला नव्हता. तो जंगलाचा होता, म्हणूनच त्याला घेतले होते.