कोरियन अध्ययन व आंतरराष्ट्रीय विकास

कोरियाची भाषा, इतिहास व संस्कृती यांच्या अभ्यासाला आंतरराष्ट्रीय विकास, म्हणजे देशांच्या आर्थिक-सामाजिक प्रगतीची कारणे व परकीय साहाय्याची परिणामकारकता तपासणाऱ्या विद्याशाखेची, जोड देणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम. कोरियन युद्धानंतर (1950–53) परकीय मदतीवर अवलंबून असलेले दक्षिण कोरिया 2010 मध्ये ‘ओईसीडी’च्या (आर्थिक सहकार्य व विकास संघटना) विकास साहाय्य समितीचे सदस्य झाले; साहाय्य घेणाऱ्या देशाचे देणाऱ्या देशात झालेले हे रूपांतर या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहे. 1970 मध्ये सुरू झालेली ‘सेमाउल उंदोंग’ (नवग्राम चळवळ) हे त्यातील प्रमुख उदाहरण असून तीत प्रत्येक गावाला सिमेंटची 335 पोती देण्यात आली आणि त्यांचा चांगला विनियोग करणाऱ्या गावांना पुढे अधिक साहाय्य मिळाले. मात्र ही चळवळ राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाही राजवटीत राबवली गेल्याने तिच्यातील लोकसहभाग कितपत ऐच्छिक होता, याविषयी मतभेद आहेत.

अभ्यासक्रमाच्या भाषिक अंगाचा विचार करता, राजा सेजोंगच्या काळात 1446 मध्ये जाहीर झालेली हंगुल लिपी शिकण्यास सोपी आहे. कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम, नामानंतर जोडले जाणारे प्रत्यय व आदरार्थी रूपे मराठीभाषकांना परिचित वाटतात, जरी दोन्ही भाषांची कुळे भिन्न आहेत. भारतात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियन शिकवली जाते. महाराष्ट्रात रांजणगाव (एलजी), तळेगाव (ह्युंदाई) व माणगाव (पोस्को) येथील उद्योगांमुळे या भाषेला व्यावसायिक महत्त्व आले आहे; तसेच ग्रामविकासाचा विचार करताना कोरियन अनुभव तुलनेसाठी उपयुक्त ठरतो.