रस्ता महापालिकेचा, कर इतरांचा : मुंबईतील रस्तेदुरुस्तीच्या अर्थकारणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मुंबईच्या रस्त्यांविषयीची चर्चा दरवर्षी आषाढात सुरू होते आणि गणेशोत्सव आटोपला की ओसरते. ठेकेदारांचा लोभ, अभियंत्यांची ढिलाई आणि पावसाचा जोर ही तीन कारणे या चर्चेत आलटून पालटून पुढे येतात. त्यांत तथ्य नाही असे नाही. परंतु झिजलेला रस्ता दुरुस्त करणे ही मूलतः जमाखर्चाची बाब आहे. दुरुस्तीचा पैसा कोणत्या करातून यावा, तो कोणाच्या संमतीने खर्च व्हावा आणि आधी कोणता रस्ता घ्यावा, हे प्रश्न शहराच्या स्थानिक प्रशासनाइतकेच जुने आहेत. मुंबईच्या इतिहासात रस्ता राखण्याची जबाबदारी महापालिकेकडे कायम राहिली. रस्ता वापरणाऱ्याने भरलेल्या कराचा मोठा भाग मात्र तिच्या तिजोरीबाहेर जात राहिला. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

घरमालकाचा रस्ता

१७९३ च्या सनदी कायद्याने मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील जस्टिस ऑफ दि पीस यांना घरांवर पट्टी बसविण्याचा अधिकार दिला. झाडलोट, पहारा आणि रस्त्यांची दुरुस्ती ही तीन कामे त्या पट्टीतून व्हावयाची होती. म्हणजे ज्याचे घर रस्त्याला लागून, त्यानेच रस्त्याचा भार उचलावा अशी ही कल्पना होती. मुंबईत याच्या जोडीला गाड्या आणि जनावरांवरील कर होता. लोखंडी धावेची बैलगाडी खडीचा रस्ता कशी उखडते हे पाहणाऱ्याला या कराचे समर्थन वेगळे सांगावे लागत नसे. रस्ता झिजविणारा आणि रस्त्यासाठी पैसे देणारा यांची सांगड या व्यवस्थेत निदान तत्त्वतः तरी होती.

१८४५ मध्ये कॉन्झर्व्हन्सी बोर्ड आले व पुढे १८५८ मध्ये तीन आयुक्तांची व्यवस्था आली. दोन्हींचा अनुभव फारसा समाधानकारक ठरला नाही. त्यामुळे १८६५ च्या कायद्याने सर्व कार्यकारी अधिकार एकाच आयुक्ताच्या हाती सोपविण्यात आले आणि आर्थर क्रॉफर्ड या पदावर आले.

क्रॉफर्ड यांची कारकीर्द रस्त्यांच्या अर्थकारणाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याने कापसाच्या तेजीचा फुगा नुकताच फुटला होता. शेअर बाजार कोसळला होता. अशा काळात क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे आणि मंडई यांची कामे धडाक्याने काढली. आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाणारी क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. शहराचा चेहरा बदलला, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आले नाही. परंतु खर्च उत्पन्नाच्या पलीकडे गेला, नगरपालिका कर्जात बुडाली आणि १८७१ मध्ये करदात्यांचे आंदोलन उभे राहिले.

या आंदोलनाचे वर्णन उधळ्या अधिकाऱ्याविरुद्ध जागृत नागरिक असे केले जाते; ते अर्धवट आहे. त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधात तरुण फिरोजशहा मेहतांनी क्रॉफर्ड यांची बाजू घेतली होती. दोष आयुक्ताच्या अधिकारांत नसून त्याच्यावर देखरेख करणारे मंडळ करदात्यांनी निवडलेले नाही यात आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. श्रोत्यांना तो रुचला नाही. तरीही १८७२ च्या कायद्यात ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडण्याची तरतूद झाली आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने ही चौकट पक्की केली. आयुक्ताने अंदाजपत्रक मांडावे, स्थायी समितीने ते तपासावे, सभागृहाने मंजूर करावे, असा क्रम ठरला. याच अधिनियमाच्या कलम ६१ ने सार्वजनिक रस्त्यांची बांधणी व देखभाल हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले.

नवा रस्ता आणि जुना रस्ता

कर्तव्य बंधनकारक असले तरी अग्रक्रम ठरविताना देखभाल मागे पडत गेली. याचे एक कारण हिशेबाच्या पद्धतीतच आहे. नव्या कामासाठी कर्ज उभारता येते, कारण तो भांडवली खर्च मानला जातो. खड्डे बुजविणे, पृष्ठभागावर डांबराचा नवा थर देणे ही कामे मात्र चालू उत्पन्नातून करावी लागतात, आणि चालू उत्पन्नावर पगार, पाणी, दवाखाने यांचा हक्क आधी येतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. त्यांचे श्रेय ट्रस्टला मिळाले. १९३३ मध्ये ट्रस्टच महापालिकेत विलीन झाला. रस्ते रोज झाडण्याचे आणि राखण्याचे काम महापालिकेचेच होते. देखभालीच्या कामाला कोनशिला बसत नाही, ही गोष्ट येथे दुर्लक्षिता येणार नाही.

परिणामी रस्ता थोडा झिजला असता स्वस्तात वाचविण्यापेक्षा तो पूर्ण खचू देणे आणि मग ‘नवे काम’ म्हणून हाती घेणे हिशेबाच्या दृष्टीने सोयीचे ठरते. अभियंत्याला यातील तोटा कळतो. तथापि अंदाजपत्रकातील लेखाशीर्ष त्याच्या हाती नसते.

जयकर समिती व पेट्रोलवरील अधिभार

मोटारगाड्या वाढल्या तेव्हा रस्त्यासाठी पैसा उभारण्याचा नवा मार्ग उपलब्ध झाला. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमण्यात आली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेले ते हेच जयकर. रस्तेविकास हा प्रांतिक सरकारे व स्थानिक संस्था यांच्या आर्थिक आवाक्याबाहेर गेला असून तो राष्ट्रीय हिताचा विषय बनला आहे, असा समितीचा १९२८ च्या अहवालातील निष्कर्ष होता. त्यानुसार १ मार्च १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे अधिभार बसला आणि केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला.

वाहनाच्या वापराशी रस्त्याचा निधी जोडण्याचे तत्त्व निःसंशय योग्य होते. परंतु या निधीचा रोख जिल्ह्याजिल्ह्यांना व प्रांतांना जोडणाऱ्या रस्त्यांकडे होता. मोटारी दाटल्या होत्या त्या शहरांच्या अंतर्गत रस्त्यांना त्यात स्वतःचे स्थान मिळाले नाही. सात दशकांनी केंद्रीय रस्ते निधी अधिनियम, २००० संमत झाला तेव्हाही वाटणीत ग्रामीण रस्ते, राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग आणि रेल्वेवरील पूल यांची नावे होती. महापालिकेच्या रस्त्यांसाठी स्वतंत्र हिस्सा नव्हता. वाहनांवरील कर राज्यसूचीत असल्याने १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर अधिनियमाखाली होणारी वसुली राज्याच्या तिजोरीत जाते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत ‘रस्ते व पूल’ हे काम शहरांच्या नावे लिहिले. त्यासाठी लागणारा कर मात्र घटनेत कोठेही त्यांच्या नावे लिहिला गेला नाही.

जकातीकडून अनुदानाकडे

ही उणीव मुंबईत जकातीने भरून काढली. मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवर ट्रक थांबत आणि महापालिकेला रोजच्या रोज रोकड मिळे. जकात मालाच्या मूल्यावर होती, ट्रकच्या वजनावर नव्हे. तरी रस्ता झिजविणाऱ्या ट्रकशी तिचा दूरचा संबंध होताच. नाक्यांवरील रांगा आणि भ्रष्टाचार पाहता तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ती महापालिकेची स्वतःची होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच ती संपुष्टात आली. राज्याने कायद्याने नुकसानभरपाई मान्य केली आणि त्याच महिन्यात सुमारे ६४७ कोटी रुपयांचा पहिला हप्ता दिला. उत्पन्न थांबले नाही, त्याचा उगम मात्र महापालिकेच्या हाताबाहेर गेला.

पैसा असूनही रस्ते टिकत नाहीत, हा आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. २०१६ मध्ये महापालिकेच्या स्वतःच्या चौकशीत ३४ रस्त्यांच्या कामांत गैरप्रकार आढळले होते. उलट पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे १९७६ चे काम दहा वर्षांच्या हमीवर दिले गेले आणि हमी संपल्यानंतरही तो रस्ता दीर्घकाळ टिकला. निधीइतकाच कराराचा मसुदा महत्त्वाचा असतो, हे या उदाहरणावरून दिसते.

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली व कारभार प्रशासकाकडे गेला. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा सुमारे ६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तो तपासणारी निवडून आलेली स्थायी समिती अस्तित्वात नव्हती. काँक्रीटचा रस्ता अधिक टिकतो हे मान्य. पण शहराच्या सुमारे २,००० किलोमीटरपैकी कोणते रस्ते आधी घ्यावेत, जलवाहिन्या व केबलसाठी चर खणण्याचे वेळापत्रक त्याच्याशी जुळते का, ही विचारणा करणारे सभागृह त्या काळात नव्हते. १८७१ मध्ये मेहतांनी नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले होते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात सुस्थितीतील रस्ते मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग ठरविला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या प्रमाणात भरपाई द्यावी, असा आदेश झाला. ही रक्कम आधी संबंधित यंत्रणेने द्यावयाची असून नंतर ती जबाबदार अधिकारी वा कंत्राटदाराकडून वसूल करावयाची आहे. महापालिकेच्या रस्त्यावरील अपघातात ती यंत्रणा म्हणजे महापालिका, आणि ज्या निधीतून खड्डे बुजवावयाचे असतात त्याच निधीवर भरपाईचाही पहिला भार येतो.